पोस्टरवरचा चोर

साहेबांनी चौकीतल्या सगळ्यांना भिंतीला लावून उभं केलं, एकेकाच्या तोंडाकडे निरखून पाहिलं आणि ते हवालदारापाशी येऊन थांबले.

"हा," साहेब म्हणाले. "ह्याला मेकअपचाही खर्च नाही."

हवालदाराच्या उभ्या नोकरीत त्याची कशासाठी तरी निवड झाली, ती ही पहिलीच.

झालं होतं असं, की नागरिकांना चोरांपासून सावध करा असा वरून आदेश आला होता. चोरांना पकडा असा आला असता तर पंचाईत होती. सावध करायला पोस्टर पुरतं. आता पोस्टर म्हटलं की चोर आला. चौकीच्या ओळखीत चोर पुष्कळ होते, पण तुझा फोटो लावू का असं विचारताच त्यातल्या एकाने शांतपणे खिशातून वकिलाचं कार्ड काढलं आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, सोनेरी काड्यांचा चष्मा. साहेबांनी त्याला खुर्ची दिली, चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोचवून आले. मग परत येऊन त्यांनी आपली माणसं भिंतीला लावली.

"तू जाशील का रे कोर्टात, बदनामी झाली म्हणून?"

"मी कशाला जाईन, साहेब?"

"झालं तर. उद्या आडव्या पट्ट्यांचा टीशर्ट घालून ये."

डोळ्यांवर बांधायला काळी पट्टीसुद्धा आणली होती, पण तिने चेहरा वाया जातो म्हणून साहेबांनी ती काढायला लावली. थोड्याच दिवसांत शहरातल्या यच्चयावत फाटकांवर, जिन्यांत आणि लिफ्टच्या आत हवालदार झळकला. एका हातात टॉर्च, दुसऱ्यात हातोडा. खाली ठळक अक्षरांत: 'ह्याला ओळखा.' त्याखाली 'सुरक्षा मित्र' नावाच्या मदतवाहिनीचा नंबर.

गोष्ट इथे थांबली असती तर निभावलं असतं. पण साहेबांच्या डोक्यात कल्पना आली, आणि साहेबांच्या डोक्यात एकदा कल्पना शिरली की तिला तिथे सोबत नसल्यामुळे ती लगेच बाहेर यायची. मोबाइलवर फिरवायला छोट्या फिती काढायच्या. मालिकेचं नाव 'चोराच्या तोंडून'. चोर स्वतः आपल्या युक्त्या सांगतोय म्हटल्यावर लोक कान देऊन ऐकतात. पोलीस सांगतोय म्हटल्यावर पुढे ढकलतात.

हवालदाराला शाळेच्या नाटकात झाडाची भूमिका मिळाली होती. त्यानंतर रंगभूमीने त्याची आठवण काढली नव्हती. एवढी वर्षं तुंबलेली कला आता कॅमेऱ्यासमोर भसाभसा बाहेर आली. "नमस्कार, मी चोर," अशी त्याची सुरुवात असे. "मी कधीच चोर म्हणून येत नाही. मी घर भाड्याने बघायला येतो. खिशात पोलिसाचं ओळखपत्र ठेवतो. तुम्ही मागितलंत तर दाखवतो, नाही मागितलंत तर आधी दाखवतो." हे लिहून दिलेलं होतं. पुढचं त्याने पदरचं घातलं. "आणि पकडला गेलो, तर दुसऱ्याच सभ्य माणसाकडे बोट दाखवून चोर चोर ओरडतो!" साहेब टाळ्या वाजवत सुटले. तेव्हा हवालदाराला आणखी चेव आला. "माझी साथीदार म्हणजे एक बाई. माझी बायको म्हणून येते. मला चारचौघांत शिव्या घालते, म्हणजे तुम्हाला खरं वाटतं!"

शेवटी बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की सदर भूमिका पोलीस कर्मचाऱ्याने केली आहे. पण फितीचा शेवट पाहण्याइतका वेळ या शहरात फक्त खऱ्या चोरांकडे होता.

बायकोने ती फीत भावाच्या घरी बसून पाहिली. हवालदाराच्या सरकारी क्वार्टरचं छत गळत होतं, गळता गळता त्याचा एक मोठा पोपडा चुलीवरच्या पातेल्यात पडला, आणि त्याच दिवशी ती भावाकडे निघून गेली. भांडली नाही. पातेलं मात्र घेऊन गेली.

"पाहिलं," ती फोनवर म्हणाली. "लग्नाच्या अल्बमात तुमचा एक फोटो धड आला नव्हता. आता बघावं तिकडे तुम्ही. दादा म्हणतो, भाऊजी अगदी मनापासून करतात."

"बरं झालंय ना पण?"

"अहो, छताचं काय झालं?"

हवालदाराने सांगितलं की एक खोली बघून ठेवली आहे. चांगल्या वस्तीत, पहिल्या मजल्यावर. मालकीणबाईंशी फोनवर सगळं ठरलंय, रविवारी नुसती बघायची आणि किल्ली घ्यायची.

"मी येते रविवारी," बायको म्हणाली. "पण सांगून ठेवते. ह्या वेळी खोली हातात आली नाही, तर मी परत जाताना माझं शिवणयंत्रही घेऊन जाणार. आणि शिवणयंत्र गेलं की मी गेले, हे तुम्हाला कळतं ना?"

हवालदाराला कळत होतं. ते यंत्र जड होतं. बायको ते दोनदा हलवणाऱ्यांतली नव्हती.

रविवारी तो दाढी करून, साधा शर्ट घालून त्या इमारतीपाशी पोचला. बायको बसने मागाहून येणार होती. फाटकावर तो स्वतःच लटकलेला होता, टॉर्च आणि हातोड्यासह. शेजारी स्टुलावर राखणदार बसला होता. राखणदाराने हवालदाराकडे पाहिलं, मग पोस्टरकडे, मग परत हवालदाराकडे.

"तुमचा भाऊ का?" त्याने सहानुभूतीने विचारलं.

"मीच आहे तो," हवालदार म्हणाला. खरं तर त्याला थोडा अभिमानही वाटला. नटाला ओळख मिळाली की दुसरं काय हवं!

राखणदाराने शिट्टी फुंकली.

आता ह्या शिट्टीबद्दल सांगायला हवं. सावध करण्याच्या ह्या सगळ्या कार्यक्रमाचा आत्मा ती शिट्टी होती. साहेबांनी प्रत्येक इमारतीला दोन शिट्ट्या वाटल्या होत्या आणि एक नियम: शिट्टी वाजली की ज्याने त्याने हातातलं काम टाकून तत्काळ खाली यायचं. एकीचं बळ. दार लावत बसायचं नाही, कारण तेवढ्यात चोर पळतो. हा नियम साहेबांना आंघोळ करताना सुचला होता आणि त्यानंतर कोणीही त्यावर पाणी टाकलं नव्हतं.

इमारत खाली आली. पायजम्यात आली, गाऊनमध्ये आली, एक गृहस्थ अर्ध्या गालाला साबण लावून आले. सगळ्यांच्या पुढे अध्यक्ष होते. हे निवृत्त दातांचे डॉक्टर. लोकांना तोंड उघडून बसवायचं आणि आपण बोलत राहायचं, ह्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं, त्यामुळे समोरच्यालाही काही म्हणायचं असतं ही कल्पना त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

"अहो, मी पोलीस आहे," हवालदार म्हणाला.

"म्हणणारच," अध्यक्ष गर्दीकडे वळून म्हणाले.

"मी घर बघायला आलोय. पहिल्या मजल्यावरचं. भाड्याने."

गर्दीतून एक समाधानाचा सुस्कारा निघाला. धडा आठवत असला की मुलांच्या तोंडून निघतो तसा.

"हे माझं ओळखपत्र..."

"मागितलं का कोणी?" एक काकू कडाडल्या. ह्या काकू समितीच्या चिटणीस होत्या आणि इमारतीची दुसरी, राखीव शिट्टी त्यांच्या गळ्यात होती. "न मागता आधी दाखवलं! बघा, बघा! तंतोतंत!"

"त्या पोस्टरवर मी आहे हो! ती फीत माझी आहे!"

"तेच तर आम्ही म्हणतोय," अध्यक्ष म्हणाले.

पहिल्या मजल्यावरची मालकीणबाई मागच्या रांगेत उभी होती. ती शेजारणीला म्हणाली, "फोनवर आवाज किती सालस होता गं! तरी मला वाटलंच, भाड्यात घासाघीस कशी केली नाही मेल्याने."

त्याला सोसायटीच्या ऑफिसात कोंडायचं ठरलं. खिसे तपासावेत असं कोणीतरी सुचवलं, पण अध्यक्ष मागे सरले. "हात नका लावू. चावतात," ते म्हणाले. चावण्याच्या बाबतीत इमारतीत त्यांचा शब्द अखेरचा होता. बाहेरून कडी लागली. मग 'सुरक्षा मित्र'ला फोन कोणी करायचा ह्यावर वाद जुंपला, कारण वर्तमानपत्रात नाव फोन करणाऱ्याचं येतं. शेवटी आधी सगळ्यांचा एकत्र फोटो काढू आणि मग फोनचं बघू, असं एकमताने ठरलं. इमारतीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ, त्यामुळे लोक भारावून गेले.

ऑफिसात प्लास्टिकच्या खुर्च्यांचे मनोरे होते आणि अंगणाकडे गजांची खिडकी. हवालदार खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. माणसांची ही जात तो रोज पाहत आला होता. चौकीत तक्रार द्यायला आली की ती त्याच्याकडे न बघता साहेबांच्या दाराकडे बघत बोलायची. आज पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं होतं, आणि त्याचा हा परिणाम.

तेवढ्यात फाटकातून एक गृहस्थ आत आला. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. सोनेरी काड्यांचा चष्मा. चाकांच्या दोन बॅगा, रिकाम्या, कारण फरशीवरून त्या उड्या मारत येत होत्या.

"काय, एवढी गर्दी?" त्याने अध्यक्षांना अदबीने विचारलं.

"चोर पकडलाय!"

"वा! सगळे रहिवासी खाली आले वाटतं?"

"एकूण एक," अध्यक्ष छाती फुगवून म्हणाले. "शिस्त आहे आमच्याकडे. दार लावायलासुद्धा कोणी थांबलं नाही."

"कौतुक आहे," गृहस्थ म्हणाला, आणि ते त्याने मनापासून म्हटलं. "चालू द्या तुमचं. मी जरा वर जाऊन येतो."

"चोर!" हवालदार गजांना धरून ओरडला. "अहो, तो चोर आहे! तो पांढरा शर्ट! चौकीत त्याला मी स्वतः चहा नेऊन दिलाय!"

अंगणातल्या सगळ्या माना खिडकीकडे वळल्या. मग काकूंनी आनंदाने टाळीच वाजवली. "सभ्य माणसाकडे बोट दाखवून ओरडतो! शेवटचा मुद्दा! हाच राहिला होता!"

"चोराच्या उलट्या बोंबा," अध्यक्ष म्हणाले, आणि त्या गृहस्थाची माफी मागितली. त्याने मोठ्या मनाने माफ केलं. काकूंनी धावत जाऊन त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं. लिफ्टच्या आत हवालदाराचं पोस्टर होतं. गृहस्थ त्याच्याकडे बघून किंचित हसला आणि वर गेला.

खाली फोटो चालू राहिले. आधी समितीचा, मग बायकांचा, मग खिडकीतला चोर मागे दिसेल असा सगळ्यांचा. अर्धा साबण लावलेल्या गृहस्थांनी दुसरी बाजू कॅमेऱ्याकडे केली. हवालदाराने साहेबांना फोन लावून पाहिला, पण रविवारी तो बंद असे; मग त्याने ओरडून ओरडून घसा बसवून घेतला. तो ओरडला की लोक म्हणत, "असाच राहा, असाच राहा," आणि बटण दाबत.

बऱ्याच वेळाने तो पांढरा शर्ट खाली उतरला. बॅगा आता उड्या मारत नव्हत्या. फाटकाशी त्याला समोरून येणाऱ्या एका बाईने फाटक धरून वाट दिली. हवालदाराने कपाळावर हात मारला. ती त्याची बायको होती.

बायको आत आली, गर्दी पाहिली, खिडकी पाहिली, खिडकीतला नवरा पाहिला.

"अहो!" ती म्हणाली. "खोली बघायला पाठवलं तर हे काय! एक काम धड करू नका. घरचं छत धड नाही, बाहेर तोंड धड नाही! माझंच नशीब फुटकं, दुसरं काय!"

गर्दीने तिला संपूर्ण बोलू दिलं. मध्ये कोणी अडवलं नाही. उलट मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुढचे खाली बसले.

"आपण कोण ह्याच्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"कोण म्हणजे? बायको!"

"आणि आत्ता ह्याला चारचौघांत शिव्या घातल्यात?"

"घालणारच! अजून कुठे घातल्यात? ही तर सुरुवात आहे."

कडी निघाली, बायको आत गेली, कडी लागली.

मग बायकोने एक खुर्ची मनोऱ्यातून ओढून घेतली, पदराने पुसली आणि बसली.

"त्यांना कुठून कळलं, मी शिव्या घालते ते?"

"मी सांगितलं," हवालदार म्हणाला. "फितीत. ते लिहून दिलेलं नव्हतं. मीच घातलं पदरचं."

"म्हणजे संसार माझा, आणि टाळ्या तुम्हाला."

"तू त्या पांढऱ्या शर्टवाल्याला फाटक धरलंस का?"

"हो. किती सभ्य माणूस! बिचाऱ्याकडे केवढं जड सामान. थँक्यू म्हणाला. तुम्ही म्हणता का कधी?"

"तो चोर होता."

बायकोने ह्याचा विचार केला. "मग तुमचा फोटो कशाला लावलाय?" ती म्हणाली. ह्या सबंध कार्यक्रमात हा प्रश्न विचारणारी ती पहिली व्यक्ती. मग तिने मान वर केली, आणि बराच वेळ वरच बघत राहिली.

"इथलं छत कोरडं आहे हो," ती हळू आवाजात म्हणाली. "एक डाग नाही."

तेवढ्यात वरून किंकाळी ऐकू आली. कोणीतरी घरी परतलं होतं. पाठोपाठ दुसरी, मग तिसरी. खिडकीतून दिसलं की लोक जिन्याने वर पळताहेत, खाली पळताहेत, काकू दोन्ही दिशांना शिट्टी वाजवताहेत, त्यामुळे वर गेलेले नियमाप्रमाणे परत खाली येताहेत. अध्यक्षांनी मोबाइल काढला आणि पोस्टरवरचा नंबर लावला.

हवालदाराचा खिसा थरथरला.

रविवारी 'सुरक्षा मित्र'चा नंबर त्याच्या मोबाइलवर वळवलेला असे. रविवारी चोरही घरी असतात, असं साहेबांचं मत होतं. हवालदाराने फोन काढला. बायकोकडे पाहिलं. बायकोने खिडकीतून अध्यक्षांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, आणि मान डोलावली. अशी मान तिने लग्नानंतर डोलावली नव्हती.

तो कोपऱ्यात, खुर्च्यांच्या मागे गेला आणि त्याने आवाज बदलला. चोराचा नाही, झाडाचा नाही. जाड, कंटाळलेला, वरिष्ठ आवाज. हुबेहूब साहेब.

"सुरक्षा मित्र. बोला लवकर."

"साहेब! आमच्याकडे चोरी झाली! सगळी घरं साफ केली!"

"चोराचं वर्णन?"

"चोर आमच्या ताब्यात आहे, साहेब. तो कोंडलेला असतानाच चोरी झाली."

"मग ती त्याने कशी केली?"

अध्यक्षांनी मोबाइल कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. समोरच्याने आपल्यालाच प्रश्न विचारायचा, ही पद्धत त्यांना नवीन होती.

"तुम्ही पकडलाय तो आमचा माणूस आहे," जाड आवाज म्हणाला. "हवालदार. आणि सोबतची बाई त्याची बायको. खरी." इथे आवाज किंचित घोटाळला, कारण बायको समोरून पेपर तपासल्यासारख्या बोटाने हवेत बरोबर-चूकच्या खुणा करत होती. "तुमच्या इमारतीची... परीक्षा होती."

"परीक्षा?" अध्यक्षांच्या आवाजात एकदम जीव आला. "म्हणजे मुद्दाम पाठवला होतात? साहेब, आम्ही पोस्टरवरून बघताक्षणी ओळखला! सगळे मुद्दे पकडले! एकही सुटला नाही!" मग त्यांना काहीतरी आठवलं. "म्हणजे ते दागिने वगैरे... तेही परीक्षेचाच भाग का?"

हवालदार थांबला. हो म्हटलं असतं तर बाहेर जल्लोष झाला असता आणि किल्ली आत्ता हातात पडली असती. बायको त्याच्याकडे टक लावून बघत होती. शिवणयंत्र जड होतं. पण खोटंही एका मापातच उचलतो माणूस.

"नाही," तो म्हणाला. "ते खरे गेले. पांढरा शर्ट, सोनेरी चष्मा. तुम्ही त्याला लिफ्ट धरून दिलीत. तक्रार द्यायला सगळ्यांनी उद्या चौकीवर या."

अंगणात अध्यक्ष डोकं खाली घालून उभे होते. त्यांनी घसा खाकरला.

"बरं. पण साहेब... परीक्षेत पास ना आम्ही?"

हवालदाराने डोळे मिटले.

"पास."

"कितवा वर्ग?"

"पहिला."

"पहिला वर्ग!" अध्यक्ष गर्दीकडे वळून ओरडले. रडणारी माणसं क्षणभर थांबली, एकमेकांकडे बघू लागली, आणि मग, देवाशप्पथ, टाळ्या वाजल्या. काकूंनी राखणदाराची शिट्टी हिसकावून दोन्ही शिट्ट्या एकदम वाजवल्या.

"आणखी एक," जाड आवाज म्हणाला. "एवढ्या हुशार इमारतीत एक पोलीस भाडेकरू असायला हवा. आमचा तो हवालदार घर शोधतोय. भाडं..." त्याने बायकोकडे पाहिलं. बायकोने तळहात खाली दाबला. "भाडं कमी घ्यायला सांगा." तळहात आणखी खाली गेला. "बरंच कमी."

"पण साहेब, त्याचा चेहरा..."

"तुम्ही चेहऱ्यावर जाता?"

"छे छे!" अध्यक्ष दुखावल्या स्वरात म्हणाले. "आम्ही शिकलेली माणसं!"

कडी निघाली. हवालदाराच्या पाठीवर थापा पडल्या. मालकीणबाईने डोळे पुसत पुसत त्याच्या हातात किल्ली ठेवली. तिचे तोडे गेले होते, पण इमारतीला पहिला वर्ग मिळाल्याने तिला थोडं बरं वाटत होतं. अर्धा साबण लावलेल्या गृहस्थांनी नव्या भाडेकरूसोबत फोटो काढून घेतला.

जिना चढताना बायको दोन पायऱ्या पुढे होती.

"तुमच्या साहेबांचा आवाज काढलात ना?" ती मागे न बघता म्हणाली.

"हो. कसा झाला?"

"चोरापेक्षा बरा. पण चेहरा चोराचाच शोभतो तुम्हाला." ती दारापाशी थांबली, किल्लीसाठी हात पुढे केला. "आणि ऐका. फाटकावरचं ते पोस्टर काढू नका. आहे तोवर पाहुणे यायचे नाहीत."